हाड, अस्थी वगैरे

श्रावणातल्या एका सकाळी प्राजक्ताची फुलं वेचायला अंगणात उतरलो आणि शहाबादी फरशीवरच्या शेवाळानं मला, कसलीही घाई न करता, खाली ठेवलं. पडलो म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पडायचं तर माणसानं झाडावरून पडावं, घोड्यावरून पडावं, गेलाबाजार सायकलवरून तरी पडावं. मी उभा होतो तिथंच आडवा झालो. मात्र जाता जाता उजवा हात पुढं झाला, कारण अडीअडचणीला पुढं व्हायची त्याला लहानपणापासूनची खोड, आणि भाजलेला पापड मोडावा तसा एक बारीक, अगदी घरगुती आवाज आला. इतका मवाळ की मी आधी परडी पाहिली. परडी शाबूत होती. फुलंही फारशी सांडली नव्हती.

तासाभरानं मी एका दवाखान्याच्या बाकावर, बायकोच्या जुन्या ओढणीनं गळ्यात बांधलेला हात सांभाळत बसलो होतो. समोरच्या पाटीवर ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ असं लिहिलेलं. दुखत असताना माणूस अक्षरं धड जुळवत नाही. माझी नजर दर खेपेला ‘अस्थिर’पाशी अडखळत होती आणि माझ्या त्या वेळच्या अवस्थेचं ते चपखल वर्णन आहे असं मला वाटत होतं. मग कधीतरी शब्द सबंध वाचला गेला आणि मन आणखीच चलबिचल झालं. अस्थी? इतक्यात? आपल्याकडे जित्या माणसाला हाडं असतात. त्यांच्या अस्थी व्हायला मधे एक विधी पार पाडावा लागतो. हाडं कुरकुरतात, थंडीत ठणकतात, राबून राबून त्यांची काडं होतात. अस्थी यातलं काहीच करत नाहीत. त्या मडक्यात निमूट बसून नदीची वाट बघतात. आत गेल्यावर डॉक्टरांना नम्रपणे सांगावं असं मी ठरवत होतो, की साहेब, माझं अजून हाडच आहे.

हाड या शब्दाचं नशीबही मोठं विचित्र. दारात आलेल्या कुत्र्याला आपण ज्या शब्दानं हाकलतो तोच नेमका त्याच्या परमप्रिय वस्तूचा शब्द. आमच्या गल्लीतली कुत्री ‘हाड!’ ऐकून आधी क्षणभर आशेनं थांबतात आणि मग खिन्न होऊन चालू लागतात, असा माझा जुना समज आहे. आणि इतक्या हलक्या शब्दाकडे भाषेनं सगळ्यांत मोठी शाबासकी सोपवलेली आहे. जातिवंत शिक्षकाला आपण हाडाचा शिक्षक म्हणतो, काळजाचा शिक्षक म्हणत नाही. मेंदूचा शेतकरी कोणी ऐकलेला नाही. गुण अगदी तळापर्यंत मुरला की तो हाडात गेला असं आपण समजतो. वैर मुरलं तर तेही हाडवैरच होतं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि माझा हात मला पहिल्यांदा आतून दिसला. मनगटात आठ लहान हाडं असतात. ती अशी विखरून पडली होती, जणू कोणी पोर सागरगोटे खेळता खेळता आईनं हाक मारली म्हणून उठून गेलं आहे. त्यांच्या अलीकडे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर, एक तिरकी काळी रेघ. “काका, हे कॉलीज फ्रॅक्चर,” डॉक्टर म्हणाले. पडताना हात टेकला की नेमकं इथं मोडतं म्हणे, आणि ते डब्लिनच्या अब्राहम कॉलीस नावाच्या सर्जननं १८१४ साली लिहून ठेवलेलं आहे. क्ष-किरण सापडायला तेव्हा आणखी ८१ वर्षं होती. म्हणजे त्या गृहस्थानं माणसांची मनगटं नुसती बघून आणि चाचपून ती रेघ ओळखली. बायकोनं मात्र ऐकलं ते ‘कॉलेज फ्रॅक्चर’, आणि संध्याकाळपर्यंत फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळलं, की ह्यांना सहासष्टाव्या वर्षी कॉलेज फ्रॅक्चर झालंय.

व्युर्झबुर्गच्या विल्हेल्म राँटगेननं नोव्हेंबर १८९५ मध्ये हे किरण पाहिले आणि नाताळाच्या तोंडावर बायकोचा हात तबकडीवर ठेवायला लावून त्याचं चित्र घेतलं. पंधराएक मिनिटं त्या बाईनं हात हलवला नाही. लांबलचक बोटं आणि एका बोटावर काळ्या गाठीसारखी अंगठी. नवऱ्याच्या संशोधनात बायकोनं हातभार लावला असं जगात पुष्कळदा म्हटलं जातं. इथं त्याचा फोटो उपलब्ध आहे. मला त्या चित्रातली अंगठी फार आवडते. ती नसती तर तो हात कोणाचाही असता. माझी फिल्म घरी आणून मी खिडकीशी धरली तेव्हा हेच जाणवलं. ज्या हातानं इतकी वर्षं सह्या केल्या, पोरांना धपाटे घातले, तो मला ओळखूच येईना. दवाखान्यातल्या दहा फिल्मा एकत्र पिसल्या असत्या तर मी बहुधा दुसऱ्याच कोणाचं तरी मनगट पिशवीत घालून घरी आणलं असतं, आणि दीड महिना त्याची काळजी वाहिली असती.

शाळेत असताना आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात एक सांगाडा टांगलेला होता. त्याला आम्ही बंडूनाना म्हणत असू. परीक्षेच्या दिवसांत मुलं मारुतीच्या आधी बंडूनानाला नमस्कार करून जात, कारण शरीररचनेची सगळी उत्तरं त्याच्याजवळ होती आणि तो कोणापासून काही लपवत नव्हता. माणसाची २०६ हाडं आम्ही त्याच्यावरच मोजायला शिकलो, आणि दर वेळी आमची बेरीज कमी पडे. सर म्हणत, “हातापायांतच १०६ आहेत, गाढवांनो, तिथं मोजा.” मोजणीचा हा घोळ आमचाच नव्हे. सुश्रुतानं हाडं ३०० सांगितली आणि चरकानं ३६०. त्यानं दातांना आणि नखांनाही खानेसुमारीत धरलं. आता वाटतं, ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणे मोजलं. पाहुणे धरून पानं मोजणारा यजमान एक, आणि घरचीच तेवढी धरणारा दुसरा. शिवाय मूळ आकडाही कुठं स्थिर आहे! तान्ह्या बाळाला ३०० च्या आसपास हाडं असतात. वाढता वाढता ती एकमेकांत मिसळतात. टाळूची फट भरते, माकडहाडापाशी चार-पाच मणके एकत्र नांदू लागतात. माणसांची कुटुंबं एकत्र सुरू होऊन विभक्त होतात, हाडांचं उलटं. गळ्याखालच्या आडव्या हाडाचा तर सगळ्यांत शेवटी निकाल लागतो. मिसरूड फुटून, नोकरी लागून, लग्नाचा हॉल ठरला तरी त्याचं छातीकडचं टोक पंचविशीपर्यंत पिकायचंच असतं. आणि घशात एक हाड असं आहे, जे कुठल्याच दुसऱ्या हाडाला जोडलेलं नाही. नुसतं स्नायूंवर तोललेलं. प्रत्येक घरात असे एक काका असतात. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत, पण जिभेचा सगळा भार त्यांच्यावर.

एकदा सरांनी बंडूनानाच्या नडगीवर बोट ठेवून आम्हाला एक जाडसर उंचवटा दाखवला होता. “इथं मोडलं होतं आणि जुळून आलं.” आम्ही बोटं फिरवून पाहिली. झाडाची फांदी तोडल्यावर खोडावर गाठ राहते तशी ती गाठ होती. मोडलेलं हाड जुळलं, याचा अर्थ तो काही आठवडे पडून होता, आणि त्या दिवसांत त्याला पाणी देणारं, उचलून बसवणारं कोणीतरी होतं. हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा फक्त एवढं कळलं की बंडूनाना प्लॅस्टिकचा नाही. त्या काळात जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले कितीतरी सांगाडे कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडून जात. १९८५ साली सरकारनं त्या निर्यातीवर बंदी घातली. आमचा बंडूनाना कुठून आला होता कोण जाणे. ज्याची नडगी कोणीतरी मायेनं सांभाळली, त्याच्या कवटीवर आम्ही गॅदरिंगच्या दिवशी गांधीटोपी चढवत होतो.

माझ्या हातावर प्लॅस्टर चढलं तेव्हा गणपती महिन्यावर आले होते. पट्टीला प्लॅस्टर ऑफ पॅरिस चोळून, ती भिजवून हाड बसवायची युक्ती मथाइसन नावाच्या एका डच लष्करी डॉक्टरनं १८५० च्या सुमारास काढली. आपल्याकडे हा पदार्थ आला तो मूर्तींमुळं नावारूपाला, आणि नदीमुळं बदनामीला. शेजारची सहा वर्षांची नात माझा हात बराच वेळ निरखत बसली होती. शाळेत त्यांना त्याच आठवड्यात शाडूच्या मूर्ती शिकवल्या होत्या. “आजोबा, तुम्ही शाडूचा का नाही घेतला? हा विरघळत नाही ना!” मी म्हटलं, विसर्जनाला अजून अवकाश आहे, बाळ. ती म्हणाली, तरीपण.

त्या दीड महिन्यात मला हातानं काहीच करता येत नव्हतं, त्यामुळं हात स्वतः काय करतो आहे याचा विचार करायला पुष्कळ सवड मिळाली. हाड म्हणजे आपल्याला वाटतं, वासा. एकदा घातला की घातला. पण आत सदोदित काम निघालेलं असतं. हाड कोरून काढणाऱ्या पेशींची एक टोळी आणि ते पुन्हा भरणाऱ्या पेशींची दुसरी. पहिली टोळी दोन-तीन आठवड्यांत खणून मोकळी होते. दुसरीला तेवढंच भरायला तीन-चार महिने लागतात. हे वाचलं आणि आमच्या रस्त्याची आठवण येऊन मला शरीराबद्दल एकदम आपुलकी वाटली. फरक एवढाच, की इथं भरणारा ठेकेदार येतो. वर्षाकाठी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा असा नवा होतो. हा हिशेब मी बायकोला सांगितला, की आपल्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, म्हणजे तू ज्यांच्याशी भांडतेस ती हाडं निदान तीनदा बदललेली आहेत. ती भाजी निवडत होती. “बदलून काय फरक पडला?” ती म्हणाली.

हाडाची घडणही वाशासारखी नाही; ती आमच्या कोकणातल्या आजोळच्या कुडासारखी आहे. काठ्या-कामट्या विणायच्या आणि त्यांवर माती लिंपायची. हाडात तंतूंचं विणकाम असतं आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचं लिंपण. नुसती माती तडकेल, नुसत्या कामट्या वाकतील. शाळेत आम्ही कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं होतं. माती विरघळून गेली आणि आठवड्यानं ते हाड रबरासारखं वाकलं. एका मुलानं त्याची गाठ मारून दाखवली. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चिरलं तर आत जाळीदार कमानी दिसतात, आणि त्या वाटेल तशा नसतात. १८६६ साली झुरिकमध्ये कुलमान नावाच्या इंजिनिअरनं मायर या शरीरशास्त्रज्ञाकडे त्या कमानी पाहिल्या. स्वतः काढत असलेल्या यारीच्या नकाशातल्या भाराच्या रेघाच जणू त्याला तिथं दिसल्या. जिथं भार, तिथं भर. पुढं बर्लिनच्या यूलियस वोल्फनं १८९२ साली याचाच नियम करून टाकला. हाडाला काम द्या, ते तिथं जाड होतं. काम काढून घ्या, ते कोणताही अर्ज न करता रजेवर जातं. अंतराळात तरंगणाऱ्यांची, वजन न पडल्यामुळं, महिन्याला टक्काभर हाडं उतरतात.

माझी आजी कधी अंतराळात गेली नाही. ती जात्यावर बसली, विहिरीवर गेली, आणि वरसंशोधनाच्या वेळी मुली ‘हाडापेरानं चांगल्या’ आहेत की नाही हे दारातूनच सांगत आली. आमच्या वाड्यात माजघराच्या चौकटीवर वडील दर पाडव्याला आम्हा भावंडांची उंची मोजून पेन्सिलीनं रेघ मारत. एका पाडव्याला आजी पुढं झाली. “माझी पण मार रे एक.” आम्ही हसलो, वडिलांनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून रेघ मारली. पुढच्या पाडव्याला तिची रेघ दोन दोरे खाली आली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. आमच्या रेघा शिडीसारख्या वर चढत होत्या आणि त्याच लाकडावरून आजी पायरी पायरीनं खाली उतरत होती. कुठल्यातरी वर्षी आम्ही दोघं एकाच रेघेवर भेटलो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, “आता तू पुढं हो,” म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. उतारवयात, बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर झपाट्यानं, खणणाऱ्यांची टोळी भरणाऱ्यांना मागं टाकते, आणि कण्यातले मणके आपल्याच वजनानं दबत जातात, हे मी फार पुढं वाचलं. आम्हाला तेव्हा वाटलं होतं की आजी नीट उभी राहत नाही.

ती गेली तेव्हा मी अकरावीत होतो. तिसऱ्या दिवशी सावडायला वडिलांबरोबर गेलो. मडकं तीन दिवस पिंपळाच्या फांदीला टांगलं होतं. मग ते मांडीवर घेऊन मी एसटीनं वाईला निघालो. कंडक्टर आला, तिकिटं फाडली, आणि माझ्या मांडीकडे बघून म्हणाला, “हे काय आहे?” वडील म्हणाले, “आई.” त्यानं फुल की हाफ विचारलं नाही. पुढची खिडकीची जागा मोकळी करून दिली एवढंच. मडकं इतकं हलकं होतं की खड्ड्यांच्या वाटेवर मी ते धरून होतो की ते मला, सांगता येणार नाही.

शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकरी माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडून टाकत. गेलेल्यानं उठून भुतासारखं हिंडू नये म्हणून, असा एक अर्थ त्याचा लावला जातो. मला उगीच वाटतं, यांनी घराबाहेर पडू नये म्हणूनही असेल. वर चूल पेटलेली, पोरं रांगताहेत, आणि हातभर खाली आजी. आम्ही आमची आजी कृष्णेत सोडली आणि रिकाम्या मांडीनं परत आलो.

कानातल्या हाडांची गोष्ट राहिलीच. हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी त्यांची नावं. एक अख्खी लोहारशाळा आणि घोड्याचं सामान, घोडा तेवढा नाही. रिकीब सगळ्यांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढी. ही हाडं जन्मतानाच पुरी वाढलेली असतात आणि पुढं त्यांच्यात फारशी मोडतोड-बांधणीही होत नाही. बाकी सगळा सांगाडा पुन:पुन्हा नवा झाला, पण आजीची ओवी ज्या हाडांवरून आत गेली ती बहुतेक तीच आहेत. बायको स्वयंपाकघरातून मला हाक मारते तीही त्यांच्यावरूनच येते, आणि मी ऐकू आलं नाही असं म्हणतो त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं. आतून निघालेला हात बारीक, फिकट आणि किंचित लाजल्यासारखा दिसत होता. मनगटावर, बंडूनानासारखी, बारीकशी गाठ. “काका, वापरायला लागा,” डॉक्टर म्हणाले, “वापराल तसं भरून येईल.” वाडा पाडला तेव्हा माजघराची चौकट मी उचलून आणली होती, ती झोपायच्या खोलीत दाराआड उभी आहे. हाताला काम म्हणून मी बायकोला फूटपट्टी धरायला लावली आणि पेन्सिल उजव्या हातात घेतली. पकड नव्हती, त्यामुळं रेघ थोडी नागमोडी आली. विसाव्या वर्षीच्या रेघेखाली बरोब्बर दोन बोटं. आजीच्या शेवटच्या रेघेपासून मी अजून पुष्कळ वर आहे.

मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी पिऊन फुगतात आणि दिवसभराच्या उभं राहण्यानं दबतात. त्यामुळं माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो. मी माप सकाळी घेतलं होतं. तुम्हीही घेणार असाल तर चहाच्या आधी घ्या.